रुई मागितली, मी गाठी मोजायला बसलो

हनुमान जयंतीच्या आठवडाभर आधी पुण्याच्या पुतणीचा मेसेज आला. "नाना, रुई मिळेल का तिकडे? थोडी हवी आहे." मी चष्मा न लावताच उत्तर ठोकलं, "किती गाठी? कोणाला पाहिजे? स्टेपल किती सांगितला?"

पाच मिनिटांनी फोन. हसून हसून तिला बोलता येईना. तिला मारुतीच्या माळेसाठी रुईची पानं हवी होती. सोसायटीतल्या देवळात माळ घालायची जबाबदारी हिने अंगावर घेतली होती आणि कोथरुडात रुई कुठे मिळते ते तिला माहीत नव्हतं.

चूक माझी नाही, शब्दाची आहे. चौतीस वर्षं मी जिनिंगमध्ये काढली, त्यातली बावीस ग्रेडर म्हणून, म्हणजे रुईची प्रत ठरवणारा. आमच्या खान्देशात कापूस म्हणजे सरकीसकट बोंडातून वेचलेला. तो डी.आर. म्हणजे डबल रोलर मशीनवर चढला की दोन वस्तू वेगळ्या होतात, खाली सरकी आणि पुढे रुई. शंभर किलो कापसात चौतीस-पस्तीस किलो रुई निघाली की मालक खूश. ती दाबून १७० किलोची गाठ, आणि सौदा खंडीवर, म्हणजे ३५६ किलोवर. बाजारातली ही रुई हिंदी-गुजराती व्यापाऱ्यांच्या तोंडून आली असावी. हिंदीत रूई, गुजरातीत रू. बांधावरची रुई वेगळीच. पण धरणगावच्या माणसाला सकाळी सात वाजता 'रुई' म्हटलं तर तो आधी भाव विचारील, मारुती नंतर.

पानं देतो म्हटलं. फोन ठेवताना ती म्हणाली, "नाना, पण त्या रुईच्या फळातूनही कापूस उडतो ना? मग त्याचं सूत का नाही काढत कोणी? फुकटचं झाड आहे, पाणी लागत नाही, फवारणी लागत नाही."

मला उत्तर देता आलं नाही. बोटाच्या दोन चिमटींत रुई ओढून स्टेपल, म्हणजे तंतूची लांबी, अठ्ठावीस मिलिमीटर की तीस ते सांगणारा माणूस मी, आणि घरामागच्या झाडाच्या कापसाला आयुष्यात कधी चिमटीत धरलं नव्हतं. धरलं होतं तर फक्त लहानपणी, फुंकर मारायला. आम्ही त्याला म्हातारी म्हणायचो. म्हातारी पकडायची, कानात काहीतरी सांगायचं आणि सोडून द्यायची. बोरी नदीच्या पात्रावरून ती पार पलीकडच्या काठाला जायची.

तर तिथून हे सगळं सुरू झालं. रिटायर माणसाला वेळ भरपूर असतो.

आमचं शेत बोरीकाठी, अमळनेर आणि पारोळ्याच्या मधल्या पट्ट्यात. बांधावर, विहिरीच्या मुरमाच्या ढिगावर आणि स्मशानाकडे जाणाऱ्या गाडरस्त्याला रुईच रुई. एप्रिलात इकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, बाभळीची सावलीसुद्धा गरम लागते, आणि ही बाई हिरवीगार, वर फुललेली. पानं समोरासमोर, जाड, देठ जवळजवळ नाहीच, खोडाला मिठी मारल्यासारखी बसलेली. बोट फिरवलं की पांढरी भुकटी निघते. वरून मेणाचा थर आणि कोवळ्या पानावर बारीक लव. पाणी राखायची दोन्ही सोय. सोटमूळ खोल. विहिरीचं काम चालू असताना दीड पुरुष खाली रुईचं मूळ निघालेलं मी स्वतः पाहिलं आहे. वरून कापली तर बुडातून पुन्हा फुटते. आमच्या सालदाराने तीन वर्षं तीच रुई तोडली. शेवटी ती राहिली, सालदार दुसऱ्याकडे गेला.

फळं पिकायला लागली होती. रुईचं फळ बघितलं नसेल तर फुगलेली कैरी डोळ्यांसमोर आणा, हिरवी, हलकी, दाबली तर आत हवा. आत जाळीसारखा पोकळ भाग आणि त्याच्या आत माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक रचलेल्या चपट्या तपकिरी बिया. एका फळातल्या मी मोजल्या, ३८० भरल्या. प्रत्येक बीच्या एका टोकाला रेशमाचा झुपका. पहिल्या शतकातल्या जोसेफस नावाच्या ज्यू इतिहासकाराने मृत समुद्राच्या काठच्या अशा फळांबद्दल लिहून ठेवलं आहे: दिसायला खाण्यासारखी, हातात घेतली की धूर आणि राख. ती रुईचीच फळं, असं पुष्कळ जण मानतात. म्हणून तिकडे याला सदोमचं सफरचंद म्हणतात. आमच्याकडे कोणी असं नाटकी नाव ठेवलं नाही. पोरं फळ पायाखाली फोडतात, फट्ट असा आवाज होतो, बस.

पिशवीभर झुपके घरी आणले. बायको वाती वळण्यात पटाईत. अधिक महिन्यात लाखाची वात केलेली. तिच्या पुढ्यात ठेवले. तिने मांडीवर राख लावली, झुपका घेतला, वळला, सोडला. वात उलगडली. पुन्हा वळला. पुन्हा उलगडली. तिसऱ्या वेळी पंखा चालू आहे हे आमच्या लक्षात आलं, तोपर्यंत अर्धी पिशवी टीव्हीवर, देव्हाऱ्यावर आणि माझ्या चहात. "हाऊ कापूस शे का म्हातारीना केस?" ती म्हणाली आणि झाडू आणायला गेली.

पण तिच्या बोटांनी उत्तराचं अर्धं काम केलं होतं. कापूस बोटाला धरतो. हा निसटतो.

उरलेलं अर्धं शेजारच्या गुरुजींनी केलं. विज्ञान शिकवत होते, आता माझ्यासारखेच मोकळे. त्यांच्या कपाटात जुना सूक्ष्मदर्शक आहे, एका पायाने लंगडा. खाली वही लावावी लागते. काचेवर आधी आपली नेहमीची रुई ठेवली, संकर कापसाची. चपटी फीत दिसली, आणि ती फीत जागोजाग पिळलेली, ओल्या टॉवेलला पीळ द्यावा तशी. मग झाडाच्या रुईचा तंतू ठेवला. सरळ. काचेच्या नळीसारखा गोल, गुळगुळीत, आत नुसती हवा.

चौतीस वर्षं ज्याला मी 'पकड' म्हणत आलो ती ही. कापसाचा एक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच लांबलेली पेशी. बोंड बंद असताना ती गोल नळीच असते, रसाने भरलेली. आधी लांबते, मग आतून भिंत जाड होत जाते. बोंड उकललं, ऊन लागलं की रस वाळतो, नळी चेपते आणि चेपताना पिळत जाते. लाखो पिळलेल्या फिती एकमेकींत अडकतात म्हणून सूत होतं. झाडाच्या रुईचा तंतूही एकाच पेशीचा, पण भिंत पातळ, पोकळी मोठी. वाळली तरी चेपत नाही, पिळत नाही. पीळ नाही तर पकड नाही, पकड नाही तर सूत नाही. शिवाय वरून मेणचट, आणि ओढला की काडीसारखा मोडतो.

आम्ही 'कच्ची रुई' म्हणतो ना, मायक्रोनेअर (तंतूचा बारीकपणा आणि पक्वपणा मोजायचा आकडा) साडेतीनच्या खाली गेलेली, तिचंही मूळ दुखणं पातळ भिंतच. पाऊस लवकर गेला, बोंड भरलं नाही, की भिंत बसत नाही. त्या रुईला भाव तोडून मिळतो. झाडाची रुई त्याच वाटेवर पार टोकाला जाऊन बसलेली, असं मला वाटलं. पण तिच्यात उणीव काही नाही. तिला सूत व्हायचंच नाही, उडायचं आहे. नळीत हवा भरलेली हवी आणि अंगाला पाणी लागता कामा नये.

पाणी लागत नाही हे वाटीत करून पाहिलं. एका वाटीत पाणी, एका वाटीत शेंगदाण्याचं तेल. पाण्यावर झुपका संध्याकाळपर्यंत कोरडा तरंगत होता. तेलात टाकला तो बघता बघता बसला आणि तेल पिऊन जड झाला. मग बायकोने युक्ती केली, निम्मी ही रुई, निम्मा साधा कापूस, एकत्र पिंजून वात वळली. वळली गेली. कापूस धरून ठेवतो आणि ही तेल ओढते. ती वात देव्हाऱ्यात लागली. गिरण्यांसाठीही हाच एक मार्ग आहे म्हणे, कापसात मिसळून कातायचं. बाकी आजवर तिचा उपयोग उशीत भरायला झाला. खोडाच्या सालीचा धागा मात्र खरा मजबूत. त्याचे जुन्या काळी दोर वळत, धनुष्याच्या दोऱ्या करत. काड्यांचा कोळसा शोभेच्या दारूत जातो.

एक जुना राग इथेच सांगून टाकतो. एका जिनिंगमध्ये (नाव राहू दे) कंपाउंडच्या भिंतीला लागून पाच-सहा रुया होत्या. एप्रिल महिना, फरदडीच्या, म्हणजे हंगाम संपल्यावर राखलेल्या झाडांच्या, कापसाचा शेवटचा ढीग पटांगणात. दोन दिवस वारा सुटला आणि ढिगावर पांढऱ्या म्हाताऱ्या येऊन बसल्या. कापसात पांढरं, दिसणार कसं? मालकाने खापर ग्रेडरवर फोडलं. मी सांगत होतो की गुटख्याच्या पुड्या, सुतळी, बायकांचे केस यांनी गाठ खराब होते, ही तर पंख्याच्या झोताने उडून जाईल. ऐकतो कोण. भिंतीकडेच्या रुया तोडल्या, माझा दोन दिवसांचा पगार कापला. रुया पावसाळ्यानंतर परत आल्या.

गुरुजींनी सूक्ष्मदर्शक गुंडाळता गुंडाळता विचारलं, "पण ही कोणती रुई आणलीत?" मी म्हटलं, पांढरी आणि जांभळी अशा दोन असतात, ही जांभळी. ते हसले. म्हणाले, रंगावर जाऊ नका, पाकळी बघा.

रुई दोन जातीची. लहान रुईची फुलं बोटभर रुंदीची, पाकळ्या वर उभ्या, वाटीसारख्या, बाहेरून पांढऱ्या आणि आतून टोकाला गडद जांभळ्या, कोणीतरी शाईत बुडवून काढल्यासारख्या. कळी गोलसर. मोठ्या रुईची फुलं जवळजवळ दुप्पट, फिकट जांभळी किंवा पूर्ण पांढरी, पाकळ्या उलगडून मागे वळलेल्या, कळी टोकाकडे निमुळती. जिला आपण मंदार म्हणून गणपतीच्या नावाने जपतो ती या मोठीचीच पांढरी फुलं येणारी झाडं, जात तीच. फळातही फरक. मोठीला बहुधा दोन-दोन जोडीने, वाकड्या होडीसारखी; लहानीला पुष्कळदा एकटंच, फुगीर.

शास्त्रीय नावं घेतो, कारण त्यात गंमत आहे. मोठी कॅलोट्रॉपिस जायगँटिया, लहान कॅलोट्रॉपिस प्रोसेरा. लिनीयसने १७५३ साली मोठीची नोंद केली ती अस्क्लेपियास या प्रजातीनावाखाली. पुढे रॉबर्ट ब्राउन या स्कॉटिश वनस्पतीशास्त्रज्ञाने १८१० मध्ये कॅलोट्रॉपिस वेगळी काढली. ग्रीकमध्ये कॅलोस म्हणजे सुंदर, ट्रॉपिस म्हणजे नावेचा कणा. फुलाच्या मधोमध जे पाच उभे कंगोरे असतात त्यांच्या आकारावरून. जायगँटिया म्हणजे राक्षसी, ठीक. पण प्रोसेरा म्हणजे उंच! लहानीला उंच म्हणून ठेवलं. तिकडे वाळवंटात ती झाडाएवढी होते हे खरं, पण आमच्याकडे बहुतेक छातीएवढी. ब्राउनसाहेबाचं रुईच्या भाऊबंदांशी पुढेही जमलं. रुईकुळाची आणि ऑर्किडची फुलं तपासताना त्याने पेशीतल्या त्या गोल ठिपक्याला केंद्रक हे नाव दिलं, १८३१ मध्ये. शाळेत आपण पेशीची आकृती काढतो त्यातलं मधलं टिंब इथून आलं. गुरुजी तीस वर्षं ते टिंब फळ्यावर काढत होते, आणि रुई खिडकीबाहेर उभी.

दोन जाती कळल्यावर माझं रस्त्याने जाणं बिघडलं. मोटरसायकलवरून उतरून पाकळ्या बघायला लागलो. जळगाव ते धुळे, जुना सहा नंबरचा महामार्ग, आता ५३. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे. चौपदरीकरणात जिथे मुरूम नव्याने ओढला तिथे पहिल्याच पावसानंतर रुई उगवली. गवत मागाहून आलं. मला भेटली ती जवळजवळ सगळी लहान. मोठी दिसली ती देवळाच्या आवारात, जुन्या वाड्याच्या परसात, एका स्टेशनच्या मागे, म्हणजे जिथे कधीतरी कोणी लावली असेल किंवा लावलेलीचं बी गेलं असेल. साक्रीहून नवापूरकडे गेलो तसा पाऊस वाढला, साग आला, भाताची खाचरं आली आणि लहान रुई विरळ होत गेली. ही माझी मोटरसायकलवरची मोजणी, शास्त्र नव्हे.

पण नकाशाशी ती जुळते. लहान रुईचं घर पश्चिम आफ्रिकेपासून सुरू होतं. सहाराच्या कडेकडेने इजिप्त, अरबस्तान, इराण, सिंध, राजस्थान असं कोरड्या पट्ट्याने ती आपल्यापर्यंत येते. मोठीचा ओढा पूर्वेकडे: श्रीलंका, ब्रह्मदेश, थायलंड, दक्षिण चीन, इंडोनेशिया. दोघींचे पट्टे भारतात एकमेकांवर चढतात, म्हणून आपल्याला दोन्ही दिसतात आणि म्हणून आपण दोन्हींना एकच नाव दिलं. माणसाने पुढे त्यांना समुद्रापारही नेलं. लहान ब्राझीलच्या ईशान्येकडच्या कोरड्या भागात आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला पसरली. ऑस्ट्रेलियात तिला रबराचं झुडूप म्हणतात आणि कुरणातली डोकेदुखी मानतात. मोठी हवाई बेटांवर गेली आणि तिथे तिचं नशीब फळफळलं. फुलाचा मधला भाग मुकुटासारखा दिसतो म्हणून मुकुटफूल, त्याचे हार, आणि तिथली शेवटची राणी लिलिउओकलानी हिचं ते आवडतं फूल. थायलंडमध्ये तिचं नाव 'रक', त्यांच्या भाषेत प्रेमालाही तोच उच्चार, म्हणून लग्नाच्या हारात ती असतेच. आणि आपण? आपण तिची माळ घालायला शोधला तो नेमका ब्रह्मचारी मारुती. आपल्याकडे रुईशी लग्न लागतं तेही तिसरेपणावर असलेल्या माणसाचं. तिसरं लग्न अशुभ म्हणून आधी रुईशी लावायचं, मग बाईशी. माझ्या आजोबांच्या चुलत्याचं असं लागलं होतं. रुई पुढच्या उन्हाळ्यात वाळली, बाई नव्वद वर्षं जगली.

आपल्या गावाबाहेर ती इतकी का, हे गुराख्याला विचारा. ढोरं तोंड लावत नाहीत. बाकी सगळं चरून झालं की रुई उरते. शेळ्या वाळलेलं पान खातात, हिरवं नाही. एखाद्या माळावर रुई फार दिसली तर समजावं की तिथलं गवत संपून बरीच वर्षं झाली.

चीक. त्याबद्दल बोललंच पाहिजे. काटा रुतला की त्यावर रुईचा चीक लावायचा, काटा वर येतो, हे आमच्याकडे सगळे करतात. मी आठ वर्षांचा होतो. काटा पायात, पान तोडलं, चीक उडाला तो डोळ्यात. विचित्र म्हणजे फार दुखलं नाही. म्हणून मी कोणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्यासमोर धुकं. विहीर दिसे, विहिरीवरचा माणूस दिसेना. माय घाबरली. तालुक्याच्या डॉक्टरने थेंब दिले आणि बारा-तेरा दिवसांनी धुकं निवळलं. आता वाचल्यावर कळलं की हा चीक बुबुळाच्या काचेला सूज आणतो आणि दुखू देत नाही, हेच त्याचं घातकपण. माय मरेपर्यंत मी बांधाकडे निघालो की म्हणायची, "डोयाले हात लावू नको रे भाऊ." तेव्हा पानं तोडायची असतील तर माळ ओवून झाल्यावर साबणाने हात धुवा. डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आता फूल. यात माझा एक अख्खा रविवार गेला, आणि तो वाया गेला असं बायको म्हणते.

ग्रेडिंगचं माझं भिंग अजून आहे. फुलाच्या मध्यभागी पाचकोनी पांढरी चकती असते, बटणासारखी. परागकोश आणि स्त्रीकेसराचं टोक एकमेकांना चिकटून हे बटण झालेलं. त्याच्या पाच कोनांशी पाच उभ्या फटी, इतक्या बारीक की आधी मला चरे वाटले. प्रत्येक फटीच्या वरच्या टोकाला काळपट दाणा. शिवणाच्या सुईचं टोक फटीत घालून वर ओढलं आणि सुईला लागून बाहेर आली चक्क तागडी! वर काळा आकडा, त्याला दोन बारीक दांड्या, आणि दांड्यांना लोंबणाऱ्या दोन पिवळ्या चपट्या थैल्या. जन्मभर तागडीसमोर उभा राहिलो, एवढी लहान तागडी पहिल्यांदा पाहिली. मक्याच्या किंवा जास्वंदीच्या फुलासारखा सुटा पराग रुईत नसतोच. सगळा या थैल्यांत गच्च भरलेला. एका फुलात पाच तागड्या, दहा थैल्या.

हे कोण उचलतं? जो आमच्या घराच्या सागवानी वाशाला भोकं पाडतो तोच, काळा-निळा मोठा भुंगा. तो मधासाठी बटणावर उतरतो, पाय घसरून फटीत जातो, ओढून काढताना आकडा पायाला बसतो आणि तागडी घेऊन तो उडतो. पुढच्या फुलावर पाय पुन्हा फटीत गेला की थैली आत अडकते, काजात बटण बसावं तशी. तेवढं जमलं की एका थैलीतून फळातल्या शेकडो बिया एकदम. नाही जमलं तर काही नाही. म्हणूनच झुबक्यात डझनभर फुलं असूनही फळ एखादंच दिसतं. लहान माशांना आणि मुंग्यांना ते ओढून काढण्याची ताकद नाही. एक बारीक माशी मी पाय अडकून मेलेली पाहिली. त्या रविवारी अकरा ते एक मी भुंग्यामागे होतो. त्याच्या एका पायाला तीन तागड्या लटकत होत्या.

रुई कोणी खात नाही असं म्हणालो ते गुरांपुरतं. पिवळा मावा असतो तिच्यावर, काळ्या पायांचा. शेतकरी रुईवर तो बघून कापसाच्या नावाने घाबरतात, पण कापसावरचा मावा वेगळा. हा रुई-कण्हेरीच्या कुळाचाच पाहुणा. पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा ढब्बू टोळ असतो, हात लावला तर पिचकारी मारतो. आणि नारिंगी फुलपाखराची अळी, ज्याला इंग्रजीत प्लेन टायगर म्हणतात. काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, पिवळे ठिपके, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ती पानावर बसून लगेच खात नाही. आधी मधली शीर कुरतडते. तिथून चीक गळून जातो आणि पुढचं पान कोरडं पडलं की खायला सुरुवात करते. पाण्याचा मेन कॉक बंद करून नळ दुरुस्त करणारा प्लंबर. जे थोडंबहुत विष पोटात जातं ते ती अंगात ठेवते, म्हणून पक्षी तिच्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. आणखी एका फुलपाखराची मादी तर हुबेहूब तिच्यासारखी दिसून फुकटात वाचते.

पुतणीची पानं मी ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरकडे दिली, ओल्या फडक्यात गुंडाळून, एकशे आठ पूर्ण आणि वर वीस. जयंतीला माळ घातल्याचा फोटो आला. चार दिवसांनी दुसरा फोटो. उरलेल्या पानांपैकी एकावर अळी, बोटाच्या दोन पेरांएवढी, पट्टेरी. "नाना, ही तुमच्याकडून आली. फेकायची का?"

म्हटलं, फेकू नको, पान दे. आधी शीर कापेल, घाबरू नको.

पानं संपली. मग ती दुचाकी घेऊन कोथरूडभर रुई शोधत फिरली. शेवटी तिच्याच सोसायटीच्या मागे, नाल्याच्या कडेला पार्किंगच्या भिंतीत एक निघाली. तिथून तिने फुलाचा फोटो पाठवला. "हीच ना? अळीला चालेल?"

मी चष्मा लावला. पाकळ्या मागे वळलेल्या, कळी निमुळती. "मोठी आहे," मी लिहिलं. "चालेल. तोडताना डोळ्याला हात लावू नको."

अळीने त्या शनिवारी बाल्कनीच्या जाळीला उलटं टांगून घेतलं. कोष हिरवा आहे म्हणाली, वर सोन्याचे ठिपके.